आठ तासांचे पाहुणे: शिंगूचा धक्का आणि कळंबचा फलाट

ओसाकाच्या दक्षिणेला जपानचा एक डोंगराळ तुकडा समुद्रात घुसला आहे. त्याला की द्वीपकल्प म्हणतात. या द्वीपकल्पावरच्या वाकायामा प्रांतात, कुमानो नदी समुद्राला मिळते तिथे शिंगू वसले आहे. २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे सत्तावीस हजार, आणि ती वर्षागणिक घटते आहे. तरुण पोरे ओसाका-नागोयाला निघून जातात, मागे म्हातारी माणसे आणि बंद घरे राहतात. एके काळी डोंगरातली लाकडे नदीतून तराफ्यांनी वाहून आणायची आणि इथून जहाजात भरायची, यावर हे गाव श्रीमंत झाले होते. ते दिवस सरले. आता त्याच बंदरात अधूनमधून एखादे पांढरे, दहा-बारा मजली क्रूझ जहाज लागते आणि गावात एका दिवसापुरते दोन-तीन हजार पाहुणे उतरतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला हे का सांगायचे? आपल्याकडे समुद्र नाही, बंदर नाही. पण थोडा वेळ थांबणारी गाडी आता आपल्याकडेही आली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा ते कळंब हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा हा पहिला टप्पा. पुढे दिग्रस, पुसद करत तो नांदेडला पोचायचा आहे. ज्या गावांवरून माणसे आजवर बसच्या खिडकीतून नुसती पुढे गेली, त्या गावांना पहिल्यांदा फलाट मिळतो आहे. फलाटावर उतरलेल्या माणसाला गाव काय दाखवणार, हा प्रश्न शिंगूने आपल्या आधी सोडवायला घेतला.

आधी क्रूझचे गणित समजून घेऊ. जहाज रात्री चालते आणि सकाळी बंदराला लागते. प्रवासी नाश्ता करून उतरतात, संध्याकाळी जहाज सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सगळ्यांनी परत चढलेले असावे लागते. हाताशी उरतात जेमतेम सात-आठ तास. जहाजाच्या कंपनीने काढलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या हिमतीने भटकायला गेलेल्यासाठी मात्र थांबत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळ आले तर कप्तान बंदर गाळून सरळ पुढे निघतो, आणि गावाने केलेली सगळी तयारी वाया जाते. जपानच्या १८९९च्या जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला नुसत्या जपानी बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही. म्हणून अशा सफरींमध्ये मध्येच दक्षिण कोरियाचे बुसान घुसवलेले दिसते.

गावाच्या दृष्टीने यात एक मोठी अडचण आहे. पाहुण्याचे झोपणे जहाजावर, न्याहारी जहाजावर, रात्रीचे जेवण जहाजावर, आणि सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. गावात तो पैसा टाकणार तो फक्त दुपारच्या घासाला, बसभाड्याला आणि एखाद्या आठवणीच्या वस्तूला. गर्दी पूर्ण, कमाई अर्धवट. त्यामुळे क्रूझने गाव मालामाल होते हे मला पटत नाही. पण क्रूझमुळे गाव स्वतःकडे पाहुण्याच्या नजरेने पाहायला शिकते, हे पटते.

शिंगूने पाहुण्यांसाठी नवे काही उभारले नाही, जे होते तेच नीट राखले. गावातच कुमानो हायातामा तैशा हे देवस्थान आहे, कुमानो या परिसरातल्या तीन मोठ्या देवस्थानांपैकी एक. उरलेली दोन म्हणजे होंगू आणि नाची. या तिन्हींना जोडणारी जुनी पायवाट, कुमानो कोदो, २००४मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. एकेकाळी सम्राटांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे या वाटेने चालत यायचे. आपल्या वारकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हायातामाच्या आवारात नागी जातीचे सुमारे हजार वर्षांचे झाड आहे. दर्शनाची रीत साधी: कमानीपाशी वाकायचे, दगडी कुंडावर हात-तोंड धुवायचे, मग देवापुढे दोनदा नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमस्कार. बाहेरच्या माणसाने एवढे केले तरी पुरते.

गावाच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर कामिकुरा देवस्थान आहे. तिथे जायला ५३८ ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत, आणि सुरुवातीच्या इतक्या उभ्या की हात टेकून चढावे लागते. माथ्यावर गोतोबिकी-इवा नावाचा प्रचंड खडक. कुमानोचे देव पहिल्यांदा याच खडकावर उतरले अशी श्रद्धा आहे. दर ६ फेब्रुवारीला रात्री पांढऱ्या कपड्यांतले, कमरेला गवताचा दोर गुंडाळलेले पुरुष हातात पेटत्या मशाली घेऊन या पायऱ्यांवरून खाली धाव घेतात. उत्सव गावाचा आहे आणि त्याची तारीख जहाजांच्या वेळापत्रकाकडे पाहून ठरत नाही. मला शिंगूचे सगळ्यात जास्त कौतुक याचे वाटते.

१३३ मीटर उंचीचा नाची धबधबा शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे आणि सहलीच्या बहुतेक बसगाड्या तिकडेच पळतात. पण वेळ थोडा असेल तर मी म्हणेन, बसमध्ये दोन तास घालवू नका, शिंगूतच पायी फिरा. छोट्या दुकानांत रोख पैसे लागतात. बसमध्ये मोठ्याने बोलू नये, आणि कचरा खिशात किंवा पिशवीत ठेवून जहाजावर परत न्यावा, कारण रस्त्यावर कचराकुंडी मिळत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला खरी अडचण जेवणाची. भाजीच्या साध्या रश्शातही वाळलेल्या माशाचा अर्क असतो. मेहारी-झुशी हा इथला पदार्थ, खारवलेल्या मोहरीवर्गातल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा. डोंगरात आणि तराफ्यांवर राबणाऱ्यांची ती शिदोरी. शाकाहाराच्या सगळ्यात जवळ जाणारी ती वस्तू, तरीही आत काय आहे ते विचारूनच घ्यावी.

कुमानोच्या वाटेवर पाहुण्यांबरोबर चालणारे स्थानिक वाटाडे असतात. त्यांना कातारिबे म्हणतात. आपल्या भाषेत कथेकरीच. कुठल्या वळणावर कोणता राजा थकून बसला, कोणत्या दगडाला गावातल्या बायका आजही फुले वाहतात, हे ते चालता चालता सांगतात. त्यांच्यात निवृत्त माणसेही असतात. घटत्या वस्तीच्या गावात म्हाताऱ्या माणसाला मानाचे काम मिळणे ही छोटी गोष्ट नाही.

आता कळंबकडे येऊ. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने अर्ध्या तासाच्या अंतरावर, चक्रावती नदीच्या काठी. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी चिंतामणी इथला. शिंगूत देव पायऱ्या चढून भेटतो, कळंबमध्ये पायऱ्या उतरून. गाभारा जमिनीच्या पातळीच्या बराच खाली आहे आणि आत पाण्याचे कुंड. काही वर्षांनी हे पाणी आपोआप वाढत गणपतीच्या पायांपर्यंत येते, गंगाच येते अशी श्रद्धा, आणि ते पाहायला तेव्हा सगळा मुलूख लोटतो. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे चिंतामणीची उपासना केली, ही कथा कळंबच्या कोणत्याही आजीला पाठ असते.

म्हणजे देवस्थान आहे, नदी आहे, कथा आहे, आणि आता रेल्वेही आहे. उणीव आहे ती फलाटावर उतरलेल्या परक्या माणसाला चार तास हाताला धरून फिरवणाऱ्याची. अशा वेळी आपल्याकडे पहिली मागणी होते ती सिमेंटच्या कमानीची, रंगीत कारंज्याची, ‘आय लव्ह’ लिहिलेल्या दिव्यांच्या पाटीची. या पैशात नदीचा काठ स्वच्छ होईल. स्टेशनपासून देवळापर्यंत सावलीचा पायरस्ता होईल. बचतगटाच्या बायकांना पाटवडी, गोळाभात, झुणका-भाकर वाढायला एक नीट जागा मिळेल. मंदिराची कथा, पाण्याचे भूशास्त्र आणि कापसाच्या बाजाराचा इतिहास एका दमात सांगू शकतील अशी दहा पोरे-पोरी तयार होतील. गावातल्या माणसालाही हाच पायरस्ता, हाच काठ रोज लागतो. पाहुणा आला नाही तरी खर्च वाया जात नाही.

शकुंतला गाडीच्या बाबतीत, जे आहे तेच राखायला आपण उशीर केला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस वाहायला इंग्रजी कंपनीने घातली. तिचे वाफेचे इंजिन १९९४पर्यंत धावले. दारव्ह्यासारख्या स्थानकांवर मोजक्या माणसांनी तिकिटे फाडली, सिग्नल दिले, डबे जोडले. जपानमध्ये अशा जुन्या छोट्या गाड्या पाहायला माणसे मुद्दाम जातात. आपली बंद पडली, तेव्हा हळहळ खूप झाली, पण तिची स्थानके आणि तिच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या आठवणी जपायचे काम मागेच राहिले.

वाकायामा आणि महाराष्ट्र एकमेकांना अनोळखी नाहीत. २०१३मध्ये दोघांमध्ये सहकार्याचा करार झाला, त्यात पर्यटन होते. कुमानोहून डोंगरातली जुनी वाट कोयासानला जाते. भिक्षू कुकाई यांनी नवव्या शतकात वसवलेले ते बौद्ध तीर्थ. तिथल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला आणि त्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी केले. नागपूरच्या दीक्षाभूमीशी नाते असलेल्या आपल्या मुलखातून तिकडे जाणाऱ्याला म्हणूनच परके वाटायचे कारण नाही.

त्या कराराचा आधार घेऊन जिल्हा परिषदेने किंवा यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयाने वाकायामाला एक पत्र लिहावे. मागणी साधी असावी: कुमानोच्या दोन-तीन अनुभवी कातारिबेंनी हिवाळ्यात महिनाभर कळंबला येऊन राहावे, आपल्या दहा पोरांबरोबर चक्रावतीच्या काठाने चालावे, आणि पाहुण्याला गाव कसे सांगायचे ते त्यांना करून दाखवावे. बदल्यात आपली पोरे पुढच्या फेब्रुवारीत शिंगूला जाऊन मशालींची रात्र पाहतील. खर्च एका कमानीपेक्षा जास्त येणार नाही.