खटक्याविना दिवे

मोठ्या शहरांतील एखाद्या नव्या कचेरींत आपण गेलां, तर विजेचा खटका शोधूनही सांपडत नाहीं. माणूस आंत शिरतांच दिवे लागतात आणि तो निघून गेल्यावर कांहीं मिनिटांनीं आपोआप मालवतात. खिडकीजवळचे दिवे भर दुपारीं मंद असतात व ऊन कलतांच उजळूं लागतात. अशा स्वयंचलित दीपयोजनेचा व्यापार अलीकडे फार वाढला आहे. तो कां वाढला आणि त्यांत सावध कोठें राहावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ही जादू नव्हे. छतांत बसविलेलें एक छोटें साधन, ज्याला सेन्सर म्हणतात, तें आपल्या शरीरांतून निघणाऱ्या उष्णतेचे अदृश्य किरण टिपतें. माणूस हालला कीं त्या किरणांत फरक पडतो आणि दिव्याला सूचना जाते. म्हणूनच अगदीं निश्चल बसून लिहिणाऱ्या कारकुनाच्या डोक्यावरचा दिवा कधीं कधीं मध्येंच जातो, आणि हात हलवून त्याला आपल्या अस्तित्वाची ग्वाही द्यावी लागते! दुसरा सेन्सर खोलींतील उजेड मोजतो. मोठ्या इमारतींत प्रत्येक दिव्यास स्वतंत्र क्रमांक असतो. ‘डाली’ नांवाच्या रूढ पद्धतींत एका जोडणीवर असे ६४ क्रमांक देतां येतात.

व्यापारवृद्धीचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें कारण एलईडी दिवा. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, कारण त्या शोधामुळेंच पांढरा एलईडी शक्य झाला. जुनी नळी वारंवार लावल्या-मालवल्यानें लवकर निकामी होई. एलईडीला तें भय नाहीं. दुसरें कारण कायदा. २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्यान्वयें आपल्या देशांत २००७ सालीं व्यापारी इमारतींसाठीं संहिता निघाली व २०१७ सालीं ती सुधारली गेली. मोठ्या इमारतींतील दिवे आपोआप मालवण्याची सोय तींत सांगितली आहे. तिसरें कारण बिनतारी जोडणी. तिच्यामुळें जुन्या इमारतींतही भिंती न फोडतां हें काम होतें.

आतां थोडें गणित करूं. सेन्सरमुळें एक दिवा रोज तीन तास कमी जळला व वर्षांत कामाचे ३०० दिवस धरले, तर ४० वॅटच्या जुन्या नळीमागें ३६ युनिट वांचत. २० वॅटच्या एलईडीमागें वांचतात १८ च. म्हणजे दिवा जितका काटकसरी, तितकी सेन्सरची कमाई थोडी! मग विक्रेत्यानें दुसरा कोणता लाभ दाखवावा?

तो लाभ म्हणजे माहिती. जो सेन्सर माणूस आला हें ओळखतो, तो माणूस केव्हां आला व किती वेळ जागेवर नव्हता हेंही नोंदवूं शकतो. कोणती खोली रिकामी राहते हें कळल्यास भाडें वांचतें, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु तीच नोंद नोकरांवर पहारा ठेवण्यासही पुरते. लंडनमधील ‘डेली टेलिग्राफ’ पत्राच्या कचेरींत २०१६ च्या जानेवारींत मेजांखालीं असे सेन्सर बसविले गेले. ऊर्जेची बचत हें कारण सांगण्यांत आलें. परंतु पत्रकारांनीं हरकत घेतल्यावर ते त्याच दिवशीं काढावे लागले.

म्हणून अशा योजनेला सम्मति देण्यापूर्वीं मालकांनीं व नोकरांनीं तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष किती युनिट वांचतील? आपल्या मेजावरचा उजेड आपल्याला कमीजास्त करतां येईल काय? आणि जमणारी नोंद कोणाच्या हातीं, किती दिवस राहील? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं, तर ही योजना खुशाल स्वीकारावी. वीज वांचविणें हें राष्ट्रकार्यच आहे. मात्र दिव्यानें आपल्याला उजेड दाखवावा. आपल्यावर नजर ठेवूं नये.