बुधवारी खरखर, गुरुवारी शांतता?

भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. प्रेस थांबलेले, वेल्डिंगच्या ठिणग्या नाहीत, टेम्पोही मोजकेच. या भागात ज्याच्या घरी चांगला अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर आहे, त्याच्यासाठी हा दिवस म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. बुधवारी आणि गुरुवारी एकाच वेळी, आवाजाचं बटण त्याच खुणेवर ठेवून, रेकॉर्ड न लावता स्पीकरला कान लावायचा. गुरुवारी खरखर कमी झाली, तर ती विजेच्या लाइनमधून किंवा हवेतून येते. तशीच राहिली, तर दोष बहुधा घरातला.

रेकॉर्ड प्लेअरची सुई जो सिग्नल काढते तो जेमतेम ५ मिलिव्होल्टचा. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, म्हणजे चारशे पट. इतका क्षीण सिग्नल वाढवताना त्याला वाटेत चिकटलेला कचराही तितकाच वाढतो. म्हणून केबलची खरी परीक्षा सुईपासून अँप्लिफायरपर्यंतच्या त्या एका मीटरमध्ये होते.

अशी केबल ब्लेडने चिरून पाहावी. वरची साल निघाली की तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी दिसते, कधी तिच्याखाली चकचकीत फॉइल, मग पांढरं इन्सुलेशन आणि मधोमध केसासारख्या तारा. स्वस्तातल्या केबलमध्ये विणकाम नसतंच. पाच-सात तारा नुसत्या गुंडाळलेल्या असतात आणि केबल वाकली की त्यांच्यात फटी पडतात. जाळी बाहेरचं विद्युतक्षेत्र अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे मात्र तांब्याची जाळी जवळजवळ निरुपयोगी असते. तिथे केबल हातभर लांब नेणं हाच इलाज.

चाकणच्या पॅनल वायरमनला हे शिकवावं लागत नाही. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात आणि शेजारच्या सेन्सरची वायर बिथरते. म्हणून पॉवरची आणि सिग्नलची वायर वेगळ्या ट्रेमधून नेतात. ओलांडावीच लागली तर काटकोनात. चाकणवरून नाशिककडे निघालं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना दिसतात. आकाशातून येणारा सिग्नल इतका अशक्त, की तिथे स्वतःची यंत्रंसुद्धा धातूच्या पिंजऱ्यात बंद ठेवावी लागतात.

घरात सर्वांत जास्त छळतो तो अर्थिंगचा फेरा. अँप्लिफायर एका बोर्डावर, टीव्ही दुसऱ्यावर, टीव्हीच्या केबलची वायर गच्चीवरून आलेली. त्यांच्या अर्थिंगमध्ये जरासा फरक असला की जाळीतून प्रवाह वाहू लागतो. रेकॉर्ड प्लेअरच्या आरसीए केबलमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे स्पीकर ‘घूं’ करत राहतो. काही जण वैतागून प्लगची अर्थिंगची पिन कापतात. हे कधीही करू नये. आत बिघाड झाला तर अँप्लिफायरच्या पत्र्यातच वीज उतरते आणि घरातलं कुणीतरी त्याला हात लावतं. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यावीत, गच्चीवरून येणाऱ्या वायरीला आयसोलेटर बसवावा. नाट्यगृहांतल्या लांब केबल्स याच कारणासाठी बॅलन्स्ड असतात: सिग्नलला दोन तारा, जाळी वेगळी, आणि दोन्ही तारांवर सारखाच बसलेला कचरा वजाबाकीत जातो.

स्पीकरच्या वायरीचं कौतुक सर्वाधिक होतं, पण तिला कवच सहसा लागत नाही. तिथे सिग्नल चांगला दणकट असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दहा मीटर जोडीचा जाऊन-येऊन रोध साधारण ०.१४ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो किरकोळ. १९५८ साली सुरू झालेली पिंपरीची फिनोलेक्स बनवते तसली तांब्याची साधी वायर पुरते.

वाचलेले पैसे जुन्या अँप्लिफायरच्या कंडेन्सरवर घालावेत. डायोडनंतर उरलेल्या १०० हर्ट्झच्या लहरी हे कंडेन्सर गाळतात. आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. बंद केल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते, म्हणून झाकण जाणत्या मेकॅनिकनेच उघडावं. डोकं फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग पडलेला कंडेन्सर त्याच्या लगेच नजरेत भरतो. अशा अँप्लिफायरची गुणगुण गुरुवारीही तशीच राहते आणि ती अर्थिंगच्या ५० हर्ट्झच्या ‘घूं’पेक्षा बरोबर एक सप्तक वर असते.