सॅम्पल पॅक निवडताना...

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची निर्मिती आज घरच्या संगणकावर होऊ शकते. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ लागत नाही, की ड्रमवादक बोलवावा लागत नाही. ड्रमचे आघात, टाळ्या, बेसच्या ओळी, गायनाचे तुकडे असे हजारो तयार ध्वनी 'सॅम्पल पॅक' या नावाने इंटरनेटवर विकत मिळतात. काही विनामूल्यही मिळतात. मुंबई-पुण्यातील हौशी तरुण असो वा लंडन-बर्लिनमधील व्यावसायिक डीजे, दोघांसमोरचा बाजार एकच आहे. साधनांची उणीव हा प्रश्न त्यामुळे उरलेला नाही. त्यांतले काय घ्यावे, हा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. निवड चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय पूर्ण झालेली रचना हक्कांच्या वादात अडकून इंटरनेटवरून उतरविली जाण्याची वेळही येऊ शकते. म्हणूनच पॅक घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे आवश्यक ठरते : तो आपल्या रचनेत बसतो का, आणि तो वापरण्याचा अधिकार आपल्याला नेमका किती मिळतो.

सॅम्पल म्हणजे काय?

आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आणि नव्या रचनेत वापरता येणारा ध्वनीचा तुकडा म्हणजे सॅम्पल. पॅकमध्ये त्याचे साधारणपणे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात एकच आघात असतो : एक किक, एक टाळी, झांजेचा एक ठोका. त्यांतून ठेका कसा बांधायचा, हे संगीतकाराने ठरवायचे असते. दुसरा प्रकार 'लूप'चा. त्यात चार ठोक्यांची एक, दोन, चार किंवा आठ आवर्तने आधीच वाजवून ठेवलेली असतात आणि ती एकापुढे एक जोडली की ठेका अखंड चालू राहतो. लूपने काम झटपट होते. परंतु तोच लूप विकत घेतलेल्या इतर सर्वांची रचनाही तशीच ऐकू येण्याचा धोका असतो. सुट्या आघातांत श्रम अधिक, तसे स्वातंत्र्यही अधिक. नवोदितांनी पॅकमध्ये या दोहोंचे प्रमाण काय आहे, हे प्रथम पाहावे.

सात सेकंदांची कहाणी

तयार ठेक्याचे मोल काय असते, हे समजण्यासाठी १९६९ सालच्या एका तबकडीकडे जावे लागते. अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या 'कलर हिम फादर' या गाण्याच्या तबकडीच्या मागील बाजूस 'आमेन, ब्रदर' ही वाद्यरचना होती. तिच्यात एके ठिकाणी बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक सुमारे सात सेकंद एकटेच वाजवितात. १९८६ मध्ये 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या तबकड्यांच्या मालिकेत ही रचना पुन्हा आली. डीजे मंडळी ही मालिका मुख्यतः अशा ठेक्यांसाठीच घेत. त्या अर्थाने ती आजच्या सॅम्पल पॅकची पूर्वज म्हणता येईल. पुढे हे सात सेकंद हिप-हॉपमध्ये शिरले आणि १९९०च्या दशकात ब्रिटनमधील 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या संगीतप्रकारांचा कणा बनले.

कोलमन यांचे २००६ मध्ये निधन झाले. आपल्या वादनाच्या या वापराबद्दल त्यांना काहीही मोबदला मिळाला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये वर्गणी गोळा झाली आणि वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड देण्यात आले. तोवर कोलमन यांना जाऊन नऊ वर्षे लोटली होती. आज नीट परवाना असलेला पॅक घेतला जातो तेव्हा त्यामागचा मूळ हेतू हाच असतो की, ज्याने वाजविले त्याला आधीच मोबदला मिळावा आणि ज्याने वापरले त्याच्यावर पुढे दावा येऊ नये.

तेच यंत्र, वेगळे संगीत

बाजारातील बहुसंख्य पॅकमध्ये काही ध्वनी हमखास आढळतात. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये 'टीआर-८०८' आणि १९८३ मध्ये 'टीआर-९०९' ही तालयंत्रे काढली. ८०८चे सर्व ध्वनी विद्युत-मंडलातून निर्माण होत. ९०९मध्ये झांजांचे ध्वनी मात्र प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित होते. शिकागोच्या 'हाउस' आणि डेट्रॉइटच्या 'टेक्नो' संगीताची घडण या यंत्रांवर झाली. त्यांच्या नकला आज संगीताच्या बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर आधीच मिळतात. तेव्हा केवळ '८०८' वा '९०९' असे नाव पाहून नवा पॅक घेण्यापूर्वी, ते ध्वनी आपल्या संगणकात अगोदरच आहेत का, हे पाहणे शहाणपणाचे.

याच यंत्रांचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८ तालयंत्र, 'टीबी-३०३' हे बेसयंत्र आणि 'ज्युपिटर-८' हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी या तबकडीची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा शिकागोच्या 'अ‍ॅसिड हाउस'शी असलेले तिचे साम्य ऐकून जगभरचे जाणकार चकित झाले. कारण त्या प्रकारातील 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही प्रसिद्ध रचना १९८७ सालची. यंत्रे सर्वांना सारखीच उपलब्ध होती. त्यांवर भैरव वा ललत वाजवून पाहण्याची कल्पना मात्र सिंग यांची होती. दुर्मिळ ध्वनीच्या शोधात शेकडो पॅक जमविणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गती आणि पट्टी

पॅक आपल्या रचनेत बसतो का, हे ठरविणारे पहिले परिमाण म्हणजे गती. ती मिनिटाला किती ठोके पडतात यावर मोजतात. हाउस संगीत साधारणपणे १२० ते १२८ ठोक्यांचे असते. गोव्याच्या किनाऱ्यावर १९९०च्या दशकात आकारास आलेल्या ट्रान्सपासून निघालेले सायट्रान्स १४०च्या पुढे जाते, तर ड्रम अँड बेस १७०च्या पलीकडे. १२८च्या लूपची गती १२४वर आणली तर फरक तीन टक्क्यांचा. तो सहसा कानाला जाणवत नाही. परंतु १७४चा लूप १२४वर ओढला तर सॉफ्टवेअरला ध्वनी बराच ताणावा लागतो आणि आघातांची धार बोथट होते. म्हणून आपल्या शैलीच्या गतीजवळचाच पॅक घ्यावा.

लूप नीट कापला आहे का, हे साध्या गणिताने तपासता येते. मिनिटाला १२० ठोके असतील तर चार ठोक्यांचे आवर्तन बरोबर दोन सेकंदांचे आणि चार आवर्तने आठ सेकंदांची. १२५च्या गतीला हीच लांबी ७.६८ सेकंद भरते. लूपची लांबी याहून कमीअधिक निघाली, तर शेवटी निनादाची शेपूट मुद्दाम ठेवली आहे की कापणीच ढिसाळ आहे, हे ऐकून पाहावे. कापणी ढिसाळ असेल तर दर फेरीला ठेका किंचित सरकत जाईल.

दुसरे परिमाण पट्टीचे. बेसच्या ओळी आणि गायनाचे तुकडे यांची पट्टी जुळावी लागते, हे उघड आहे. पण किकलाही स्वर असतो, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. खर्जातील पांढरी सहाची कंपनसंख्या सेकंदाला ५५, तर पांढरी पाचची ४९. रचना एका पट्टीत आणि किकचा लांबणारा गुंजनध्वनी भलत्याच स्वरात असेल, तर खालचा भाग गढूळ ऐकू येतो. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतके खालचे स्वर जवळजवळ उमटतच नाहीत. त्यामुळे किक आणि बेस यांची निवड चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवरच करावी.

गिगाबाइटचा मोह

'पाच गिगाबाइट ध्वनी' अशी जाहिरात पाहून अनेकजण भुलतात. वास्तविक २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या दर्जाच्या एका मिनिटाच्या स्टिरिओ ध्वनीला सुमारे १६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एक गिगाबाइट हा जेमतेम तासाभराचा ऐवज. पॅकचा आकार त्याच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही. फाइल कोणत्या स्वरूपात आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. संकुचित एमपी३मध्ये काही तपशील कायमचा गळालेला असतो. 'वेव्ह' स्वरूपात तो शाबूत राहतो.

जाहिरातीतील नमुना-रचना ऐकतानाही सावध राहावे. ती कुशल हातांनी सर्व ध्वनींचे संतुलन साधून तयार केलेली असते. सुटे ध्वनी स्वतंत्रपणे ऐकता येत असतील तर तेच ऐकावेत. त्यांवर आधीच खूप निनाद चढविला आहे का, आवाज कमाल पातळीपर्यंत दाबून भरला आहे का, हे पाहावे. कोरड्या ध्वनीवर हवा तेवढा निनाद नंतर चढविता येतो. चढलेला निनाद उतरविणे फार कठीण. दळलेल्या पिठाचे पुन्हा धान्य करता येत नाही, तसेच हे आहे.

'भारतीय' पॅकची पारख

तबला, ढोलकी, सतार यांचे ध्वनी असलेले पॅक परदेशांत आणि भारतातही विकले जातात. मराठी श्रोत्याचा कान येथे उपयोगी पडतो. तबल्याचा दायाँ विशिष्ट स्वरात लावलेला असतो. तो स्वर पॅकमध्ये नमूद नसेल तर लूप रचनेच्या पट्टीशी भांडू लागतो. आठ मात्रांचा केरवा आणि सोळा मात्रांचा त्रिताल नृत्यसंगीताच्या चार-चार ठोक्यांत सहज बसतात. सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल मात्र तसा बसत नाही. त्यांना चाराच्या चौकटीत कोंबले की सम हरवते. लूपचा आरंभ समेवर आहे का आणि तालाचे नाव दिले आहे का, एवढे पाहिले तरी पॅक जाणकाराने केला आहे की घाईने जमविलेला आहे, हे कळून येते.

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे

'रॉयल्टी-फ्री' या शब्दाने सर्वाधिक गैरसमज होतात. त्याचा अर्थ एवढाच की, परवान्याच्या अटी पाळल्यास प्रत्येक वापरागणिक पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. ध्वनीचा मूळ हक्क निर्मात्याकडेच राहतो. तोच ध्वनी सुटा विकणे किंवा स्वतःच्या पॅकमध्ये घालणे यांना परवान्यात सहसा मनाई असते. तसेच हा परवाना सामान्यतः अनन्य नसतो. तोच लूप हजारो लोक वापरू शकतात. रिहानाच्या २००७ सालच्या 'अंब्रेला' या गाण्यातील ड्रमचा ठेका अ‍ॅपलच्या 'गॅरेजबँड' सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या लूपवर आधारलेला आहे. तो वापरणे वैध होते, आणि इतरांसही ते खुलेच आहे.

अडचण उद्भवते ती यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी'सारख्या स्वयंचलित ओळखयंत्रणेत. एकाने सामायिक लूप असलेली आपली रचना तेथे स्वतःची म्हणून नोंदविली, तर दुसऱ्याच्या निर्दोष रचनेवरही दावा येऊ शकतो. सामायिक लूप ठळकपणे ऐकू येत असेल तर अशी नोंदणी करूच नये, आणि खरेदीची पावती व परवाना जपून ठेवावा.

परवान्याशिवाय जुन्या गाण्याचा तुकडा उचलणे तर अधिकच धोक्याचे. 'काही सेकंद चालतात' हा समज निराधार आहे. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००५ मध्ये, अगदी लहान तुकड्यासाठीही परवानगी हवी, असे म्हटले. दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मॅडोनाच्या 'व्होग' गाण्यातील ०.२३ सेकंदाचा तुकडा क्षुल्लक ठरविला. न्यायालयांचेच एकमत नसताना त्यावर विसंबणे योग्य नव्हे. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि त्यातील गीत व संगीताचा हक्क वेगळा; म्हणजेच परवानग्याही वेगवेगळ्या. 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायिलेल्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा भाग २००२ मध्ये 'अ‍ॅडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांच्या नावाचा उल्लेख नसलेल्या प्रतींच्या विक्रीस २००३ मध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयाने मनाई केली.

आपला पॅक आपणच

थोडक्यात, आधी रचना मनाशी ठरवावी, तिला कोणते ध्वनी कमी पडतात हे लिहून काढावे आणि मगच पॅक शोधावा. गती, पट्टी, कोरडेपणा आणि परवाना या चार कसोट्यांवर उतरलेले दोन-तीन पॅक वर्षभराच्या सरावाला पुरतात.

याशिवाय एक मार्ग सर्वांसाठी खुला आहे. हलगी, संबळ, ढोलकी वाजविणारे कलावंत महाराष्ट्रात गावोगाव आहेत. साधा रेकॉर्डर आणि शांत खोली मिळाली तर त्यांच्या वादनातून स्वतःचा पॅक तयार करता येतो, आणि असा पॅक दुसऱ्या कोणाकडेही नसतो. भारतीय कायद्याने वादकाचाही आपल्या सादरीकरणावर हक्क मानला आहे. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच मानधन ठरवावे, वापराविषयी लेखी संमती घ्यावी आणि रचना प्रसिद्ध करताना वादकाचे नाव द्यावे. कोलमन यांच्या वाट्याला यांपैकी काहीही आले नव्हते.