टॉमी खंबीर होता, पण कशामुळे?

पहिल्या महायुद्धातल्या साध्या ब्रिटिश शिपायाला सगळे ‘टॉमी’ म्हणत. गुडघाभर चिखलात उभा, तरी हसतमुख, अशी त्याची प्रतिमा शंभर वर्षं टिकली आहे. तिच्याबरोबर काही गैरसमजही टिकले.

गैरसमज : तो चार वर्षं खंदकातच होता.
पलटणी पाळीपाळीने पुढे जात. सर्वांत पुढच्या खंदकात साधारण चार ते आठ दिवस, मग राखीव फळीत, मग मागच्या एखाद्या गावात विश्रांती. विश्रांती नावालाच, रस्ते दुरुस्त करणं, ओझी वाहणं सुटत नसे. पण तिथे अंघोळ होई, गरम जेवण मिळे, फुटबॉल खेळता येई. घरची पत्रं तर थेट खंदकात पोचत. ऐन युद्धात टपालखातं आठवड्याला सुमारे १ कोटी २० लाख पत्रं हाताळत होतं. टॉमीचा चिवटपणा इंग्रजी रक्तात शोधण्यापेक्षा या चोख व्यवस्थेत शोधावा, असं मला वाटतं.

गैरसमज : सगळे स्वखुशीने लढायला गेले.
सुरुवातीला, हो. जानेवारी १९१६मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि युद्धकाळात भरती झालेल्यांपैकी जवळपास निम्मे त्याखाली आले.

गैरसमज : खंबीर माणूस मोडत नाही.
१ जुलै १९१६ला, सोमच्या लढाईच्या एका दिवसात, १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली. ‘शेल शॉक’चे, म्हणजे लढाईच्या ताणाने मन ढासळल्याचे, सुमारे ८०,००० रुग्ण युद्धात नोंदले गेले. पुढे चर्चिलचे डॉक्टर झालेले लॉर्ड मोरन तेव्हा खंदकात पलटणीचे डॉक्टर होते. धैर्य ही बँकेतली शिल्लक आहे, काढत राहिलात तर खातं रिकामं होतं, असं त्यांनी १९४५च्या पुस्तकात मांडलं. शौर्यपदकांच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

गैरसमज : ही सहनशक्ती एकट्या टॉमीची.
मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी सैन्याची ‘पुणे डिव्हिजन’ सुमारे पाच महिने अडकली. नॉरफोक आणि डॉर्सेटच्या शिपायांसोबत मराठा पलटणीही तिथेच उपाशी होत्या. २९ एप्रिल १९१६ला सगळ्यांनी एकत्रच शरणागती पत्करली.

गैरसमज : घाबरून पळाला की गोळी ठरलेली.
लष्करी न्यायालयांनी ३,०००हून अधिक जणांना मृत्युदंड सुनावला, पण अंमल झाला तो ३४६ जणांवर. त्यांतल्या ३०६ जणांना, मुख्यतः पळून गेलेल्या किंवा भ्याड ठरवलेल्या शिपायांना, ब्रिटनने २००६ साली माफी दिली.