वडिलांचा विवाह, मुलाचे स्थान

परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या बाजारपेठेच्या गावात कोणाच्या घरी लग्न आहे, ही वार्ता आडत दुकानापासून स्थानकापर्यंत सर्वांना आधीच ठाऊक असते. मुलाच्या लग्नात वडील काय करतात, मुलीच्या लग्नात मामा कोठे उभा राहतो, पहिली पत्रिका कोणाला जाते, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. परंतु विवाह वडिलांचा असेल, अथवा आईचा असेल, तर मुलाने कोठे उभे राहावे? या प्रश्नाला आपल्या रीतिरिवाजांत तयार उत्तर नाही. त्यातून तो विवाह परदेशात, थाई पद्धतीने व्हायचा असेल, तर घरातील वडीलधारेही निरुत्तर होतात.

हा प्रसंग केवळ कल्पनेतला म्हणता येणार नाही. बँकॉकच्या सिलोम व माहेसाक भागांत रत्नांचा मोठा व्यापार चालतो आणि त्यात भारतीय जैन व्यापारी पूर्वीपासून आहेत. पत्नीच्या निधनानंतर एकाकी झालेल्या एखाद्या साठीच्या गृहस्थाने तेथील बौद्ध विधवेशी संसार मांडण्याचे ठरवले, तर निरोप अखेर गावातील मुलापर्यंत पोहोचतोच. आणि त्या विवाहाचा पहिला विधी बँकॉकमध्ये नव्हे, मुलाच्या गावातच होतो.

तो विधी कागदाचा आहे. थायलंडमध्ये कितीही थाटाने समारंभ झाला तरी कायद्याच्या दृष्टीने विवाह होत नाही. तेथील दिवाणी व व्यापारी संहितेच्या 1457 व्या कलमानुसार नोंदणी झाल्यावरच विवाह सिद्ध होतो. ती नोंदणी ‘आम्फो’ म्हणजे तालुका पातळीवरील कार्यालयात होते. परदेशी नागरिकास आपण विवाहास मोकळे असल्याचे आपल्या दूतावासाचे पत्र, त्याचे थाई भाषांतर आणि थाई परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन लागते. विधुरास त्यासाठी पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला हवा असतो. तो दाखला काढायला जाणार कोण? बहुधा गावात राहिलेला मुलगाच. आईचे नाव नोंदवहीत शोधून, दाखल्याची प्रत हाती घेऊन, ती वडिलांच्या दुसऱ्या विवाहासाठी रवाना करायची, हे काम दिसायला दहा मिनिटांचे आहे. मनाने ते करायला मात्र पुष्कळ काळ लागतो. ज्या मुलाला तो काळ हवा असेल त्याला तो द्यावा. घाई करणाऱ्या वडिलांनी ही गोष्ट विसरू नये.

महाराष्ट्राचा अनुभव

पालकाचा पुनर्विवाह हा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारल्या. दुसरा विवाह करायचा तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या मुरुड गावाने या विवाहाबद्दल बहिष्कार पुकारला आणि त्याची झळ घरच्यांनाही सोसावी लागली. त्या वेळी राधाबाईंचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. त्याला कोणी काही विचारले असेल, अशी त्या काळाची रीतच नव्हती. इतिहासात विवाह करणाऱ्यांचे धैर्य नोंदले गेले. मुलाचे मन बहुधा नोंदीबाहेरच राहिले.

जैन समाजातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रह्मचारी शीतलप्रसाद यांनी विधवाविवाहाचा उघड पुरस्कार केला आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. त्याच्याही कितीतरी मागे जायचे तर श्वेतांबर परंपरेतील सुनंदेची कथा आहे. तिच्या जोडीचा बालक ताडफळ अंगावर पडून मरण पावला आणि एकट्या राहिलेल्या त्या कन्येचा भगवान ऋषभदेवांशी विवाह झाला, असे हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात आले आहे. तिला विधवा म्हणावे की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी एकाकी राहिलेल्या जिवाला घरात घेणे हे परंपरेला परके नव्हते, एवढे त्यातून दिसते.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. म्हणजे कर्व्यांच्या विवाहानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीही तसा ठराव करावा लागला. तरुण विधुराचा दुसरा विवाह समाज सहज पचवतो. साठीतल्या विधुराची थट्टा होते. आईच्या विवाहाबद्दल तर घरातही कुजबुजतच बोलले जाते. न्याय मात्र दोघांना एकच असावयास हवा.

थाई विवाहातील दिवस

थाई रीत पाहू लागले की परकेपणा बराचसा ओसरतो. विवाह समारंभाला तेथे ‘मोंगखोन सोमरोत’ म्हणतात. हे आपलेच ‘मंगल’ आणि ‘समरस’ शब्द आहेत. उच्चार तेवढा बदलला आहे. पावसाळ्यातील तीन महिने भिक्षू एका जागी राहतात. त्या वर्षावासात अनेक कुटुंबे विवाह टाळतात. चातुर्मास पाळणाऱ्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही.

विवाहाच्या दिवशी सकाळी भिक्षू येतात. त्यांची संख्या बहुधा विषम, पुष्कळदा नऊ असते. ते मंगलपाठ म्हणतात आणि त्यांना मध्याह्नापूर्वी भोजन दिले जाते. ते लग्न लावत नाहीत. विवाह हा गृहस्थांचा व्यवहार आहे. आपल्याकडेही साधू-साध्वी मांगलिक देतात, विवाह लावत नाहीत.

नंतर वराकडची मंडळी वाजतगाजत निघतात. या मिरवणुकीला ‘खान माक’ म्हणतात. नागवेलीची पाने, सुपाऱ्या, फळे व मिठाई यांची तबके नातलगांच्या हाती असतात. वधूच्या दारी तिच्याकडची मुले साखळ्या धरून वाट अडवतात. एका अडसराला चांदीचे दार म्हणतात, दुसऱ्याला सोन्याचे. पाकीट मिळाल्याशिवाय साखळी खाली येत नाही. करवलीने वाट अडवावी आणि नवरदेवाने खिशात हात घालावा, त्यातलाच हा प्रकार. वराने वधूच्या घरी द्यावयाच्या रकमेला ‘सिन सोत’ म्हणतात. ती सर्वांसमोर मांडली जाते. पुनर्विवाहात तिचा आग्रह बहुधा नसतो, तरी हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.

मुख्य विधी पाण्याचा आहे. वधूवर शेजारी बसून हात जोडून पुढे धरतात. दोघांच्या मस्तकांवर एकाच पांढऱ्या धाग्याची दोन वेटोळी ठेवलेली असतात. धाग्याचे नावही ‘मोंगखोन’, म्हणजे मंगलच. वडीलधारे एकेक करून शंखातून त्यांच्या हातांवर पाणी घालतात व आशीर्वाद देतात. वयाने लहान असलेल्यांनी पाणी घालण्याचा प्रघात नाही.

मुलाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. आशीर्वाद देण्याचा अधिकार त्याला नाही. तो मोठ्यांचा आहे. परवानगी देणे हेही त्याचे काम नाही. ती कोणी मागितलेली नसते. परंतु खान माकमधील एक तबक त्याच्या हाती असू शकते. आईचा विवाह असेल तर दारातील साखळीचे एक टोक मुलगी धरू शकते. हे स्थान न्यायाधीशाचे नाही आणि पाहुण्याचेही नाही. ते घरच्या माणसाचे आहे, आणि ते आधी मागून घेतले तर यजमान आनंदाने देतात.

पंगत आणि वही

भोजनाची चिंता रास्त आहे. थाई स्वयंपाकात भाजीतही मासळीचा रस्सा वापरतात. म्हणून ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. ‘जे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो दुकानांवर लिहिलेला असतो. ‘जे’ अन्नात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. बटाटा, गाजर यांना मात्र त्यात मनाई नाही. कंदमूळ वर्ज्य असल्यास ते वेगळे सांगावे. सकाळचे विधी व दुपारची पंगत ठरवून घेतली तर चौविहारही सांभाळला जातो.

मनात असून ओठांवर न येणारा विषय मिळकतीचा. तो टाळल्याने कडवटपणा वाढतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 जैनांनाही लागू आहे. पुरुषाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याची पत्नी, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गाचे वारस एकत्र हक्कदार होतात. जैन व्यक्तीचे जुने मृत्युपत्र नव्या विवाहाने आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे ते तसेच ठेवल्यास नव्या पत्नीवर अन्याय होऊ शकतो, आणि मृत्युपत्रच नसल्यास मुलांच्या मनात शंका राहते. एकत्र कुटुंबाची मिळकत कोणती आणि स्वकष्टार्जित कोणती, हे वकिलासमोर बसून विवाहापूर्वी लिहून काढावे. परदेशी नागरिकाशी झालेल्या विवाहाची भारतातील वैधता कोणत्या कायद्याने ठरते, तेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. वर्षाअखेरीस वही मिटवणाऱ्या व्यापाऱ्याला हे अवघड वाटू नये. हिशेब चोख असला की नाते मोकळे राहते.

गावी परतल्यावर लोक विचारणारच. काही चौकशी करतील, काही नुसतेच हसतील. त्यांना लांबलचक उत्तर देण्याची गरज नाही. “वडिलांचे लग्न होते, तबक माझ्या हाती होते,” एवढे सांगितले तरी पुरे. भिंतीवरची आईची तसबीर तेथेच राहते. रोजची फुले तिला वाहिली जातात. तिच्या जागी कोणी आलेले नसते. वडिलांच्या एकटेपणाच्या जागी कोणी आलेले असते, आणि या दोन जागा निरनिराळ्या आहेत.