गच्ची पाहिलीत, टाकी पाहिलीत का?

रो-हाऊसचं कोणतंही ब्रोशर उघडा. क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, मॉड्युलर किचन, झालंच तर लॉनवर बागडणारा गोंडस कुत्रा! फोटो नसतो तो फक्त सेप्टिक टँकचा. शहराच्या कडेला, जिथे ड्रेनेज लाइन पोचलेली नाही, तिथे अख्खं घर याच टाकीच्या भरवशावर चालतं. पुण्याबाहेर राहायला आल्यापासून माझंही तसंच आहे. लंच टेबलवर बाकीचे ईएमआयवर बोलतात, मी गाळावर!

तर मंडळी, आधी थोडं बेसिक. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेला-चरबीचा थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू गाळ खात असतात, पण सगळा फस्त करत नाहीत. उरलेला थर वर्षागणिक वर चढतो.

गंमत अशी, की टाकी गाळाने भरली तरी फ्लश मस्त चालू राहतो. जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर पडतं. फक्त गाळाला खाली बसायला जागा उरत नाही, मग तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. तिथली माती बुजली, की पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचं कमोड बुडबुडे काढायला लागतं. टाकी उपसणं एका सकाळचं काम. नवा शोषखड्डा म्हणजे अंगण खणणं!

म्हणून 'तुंबली की बघू' हे धोरण महागात पडतं. साधारण दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यायचीच. वाई नगरपरिषदेने तर २०१८ मध्ये, तुंबायची वाट न बघता, दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या वेळापत्रकानुसार उपसायला सुरुवात केली. वाईला जमतं, तर आपल्या सोसायटीला का नाही?

पोरगं उतरतंय की!

गेल्या मार्चमध्ये मी मैला उपसणारी गाडी बोलावली. पाइप आत गेला, पंप सुरू झाला, पाणी भराभर खेचलं गेलं. तळाचा घट्ट गाळ मात्र हलेना. ड्रायव्हरबरोबर आलेला विशीतला मुलगा शर्ट काढायला लागला.

"मॅडम, पोरगं उतरतंय की खाली. पाच मिनिटांचं काम. पाचशे रुपये वर द्या."

मी म्हटलं, "दादा, आत कोणी उतरणार नाही."

"अहो, वाससुद्धा नाही येत आता!"

खरी भीती तीच. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो; प्रमाण वाढलं, की नाकाला तो कळेनासाच होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही बरेचदा परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो ठेकेदारापुरता नाही. काम देणाऱ्या तुम्हा-आम्हालाही लागू होतो.

मग आम्ही काय केलं? वरूनच होजने जोरात पाणी मारलं, लांब बांबूने गाळ ढवळला, पुन्हा पंप लावला. अर्धा तास जास्त गेला. पोरगं हात धुऊन चहा प्यायलं आणि गाडीत बसून गेलं. बस्स, एवढंच!

मस्ट-डू लिस्ट

* उपसायचं काम पावसाळ्याआधी उरका. गाळ कुठे रिकामा करणार तेही विचारा. नाल्यात नको, प्रक्रिया केंद्रात.
* सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, केस, उरलेलं तेल कमोडमध्ये नको. ॲसिड-ब्लीचचा मारा केलात तर कामाचे जीवाणूच मरतील.
* टाकी उघडली, की आतल्या-बाहेरच्या तोंडाचे 'टी' पाइप पाहून घ्या. तुटला असेल तर तरंगणारा थर थेट शोषखड्ड्यात जातो. दुरुस्तीसुद्धा वरूनच.
* गॅस पाइपच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास.
* गच्चीचं पाणी टाकीकडे वळवू नका.
* काळ्या मातीत पाणी मुरत नाही. उपसूनही खड्डा भरत असेल तर जागा बदला. विहीर-बोअरवेलपासून किमान १८ मीटर लांब.
* जुन्या घरात 'टाकी' म्हणजे तळ नसलेला नुसता खड्डा असेल, तर डागडुजीवर पैसे घालवू नका. दोन कप्प्यांची, पक्क्या तळाची नवी टाकी बांधा.

आणि घर बघायला जाल तेव्हा सेल्सवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, "झाकण कुठंय?" बऱ्याच ठिकाणी ते पार्किंगच्या टाइल्सखाली गाडलेलं असतं. जे उघडताच येत नाही, ते उपसणार कसं?