होडी सारखी, मग जिंकतो कोण?

दिल्लीला समुद्र नाही. म्हणूनच १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा राजधानीत भरल्या, तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या बंदरात घ्याव्या लागल्या. त्या शर्यतींत फायरबॉल प्रकारात भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक पटकावले. एंटरप्राइझ प्रकाराचे सुवर्ण पाकिस्तानच्या बेहराम आणि गोशपी आवारी या पती-पत्नींकडे गेले.

फायरबॉल, एंटरप्राइझ ही एकेका होडीची नावे नाहीत. ती होड्यांच्या वर्गांची नावे आहेत. एका वर्गातल्या सगळ्या होड्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या असतात. लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ, डोलकाठीची उंची, सुकाणूचा आकार, सारे ठरलेले. याला ‘वन-डिझाइन’ म्हणतात. शर्यतीत सगळ्यांच्या हाती सारखीच होडी, सगळ्यांना तेच पाणी आणि तोच वारा. उरतो तो माणूस.

ही कल्पना जुनी आहे. पूर्वी ज्याचा खिसा मोठा तो दरवर्षी नवी, अधिक वेगवान होडी बांधून घेई आणि मागच्या वर्षीची विजयी होडी निकामी ठरे. याला कंटाळून १८८७ मध्ये आयर्लंडच्या डब्लिनमध्ये काही हौशी मंडळींनी ठरवले, की सगळ्यांनी एकसारख्या होड्या बांधायच्या. ‘वॉटर वॅग’ हा तो वर्ग. जगातला पहिला वन-डिझाइन वर्ग म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

एकसारख्या होड्या बांधणे सोपे, पण त्या एकसारख्या ठेवणे कठीण. कुणी धड घासून थोडे हलके करतो, कुणी शीड किंचित मोठे शिवतो, कुणी पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीची कड पातळ करतो. प्रत्येक बदल एवढासा, पण शर्यतीचा निकालही कधीकधी एका हाताच्या अंतराने लागतो. म्हणून प्रत्येक वर्गाची एक संघटना असते. तिला ‘क्लास असोसिएशन’ म्हणतात. होड्यांचे मालक आणि त्या चालवणारे हेच तिचे सभासद. त्यांच्या वर्गणीवर ती चालते आणि बरेचसे काम स्वयंसेवक करतात.

या संघटनेचे पहिले काम म्हणजे नियमपुस्तिका सांभाळणे. दुसरे मोजणी. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या होडीचे उदाहरण घ्या. १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली. लांबी सुमारे २.३ मीटर, एकच शीड, एकच खलाशी. शीड-डोलकाठी सोडून नुसत्या धडाचे वजन किमान ३५ किलो भरले पाहिजे. तराजूवर ते कमी भरले, तर धडाला ठरलेल्या जागी वजन बसवून ते पुरे करावे लागते. मोठ्या स्पर्धेआधी मोजणी अधिकारी शीड जमिनीवर पसरून मापतो आणि मान्य झाले की त्यावर खूण करतो. खूण नसलेले शीड घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. छात्रांना यात नवे वाटू नये. संचलनाआधी गणवेशाची तपासणी होते, तसेच हे.

तिसरे काम नोंदणीचे. प्रत्येक होडीला क्रमांक मिळतो आणि तो शिडावर मोठ्या अक्षरांत लावतात. चौथे काम स्पर्धांचे वेळापत्रक आखणे, राष्ट्रीय अजिंक्यपद कुठल्या पाण्यावर घ्यायचे ते ठरवणे आणि यजमान क्लबशी बोलणी करणे. पाचवे काम सर्वांत नाजूक, ते म्हणजे नियम बदलायचा की नाही हे ठरवणे.

समजा, बाजारात जास्त वेगवान शीड आले. ते मान्य केले, तर उद्या प्रत्येकाला विकत घ्यावे लागेल. ज्याला परवडणार नाही तो मागे पडेल आणि हळूहळू वर्ग सोडून जाईल. कधीच काही बदलले नाही, तर जुने सामान मिळेनासे होते आणि वर्ग म्हातारा होतो. म्हणून बदलाची वाट मुद्दाम लांबची ठेवलेली असते. लेसर वर्गाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत नियम बदलायचा, तर मत देणाऱ्या सभासदांपैकी किमान दोन-तृतीयांश सभासदांची संमती लागते. त्यावर ‘वर्ल्ड सेलिंग’ या जागतिक संस्थेची मान्यताही लागते.

समानता राखण्याचे दोन मार्ग आहेत. एंटरप्राइझ होडी १९५६ मध्ये इंग्लंडच्या जॅक हॉल्ट यांनी आखली. तिची निळी शिडे एनसीसीच्या नौदल शाखेतील छात्रांच्या ओळखीची असतील. ही होडी कुठल्याही कुशल सुताराने, अगदी घरच्या अंगणातसुद्धा, प्लायवूडची बांधावी, मात्र ती मापात बसली पाहिजे. इथे भरवसा मोजपट्टीवर. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी १९७० च्या सुमारास आखलेल्या लेसरचा मार्ग वेगळा. ती परवानाधारक कारखान्यांतच, ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या पद्धतीने बनते. विकत घेणाऱ्याने तिच्यात जवळजवळ काहीच बदलायचे नाही. इथे भरवसा कारखान्यावर, आणि म्हणूनच कारखाना तपासण्याचा संघटनेचा हक्क फार महत्त्वाचा.

या हक्काची कसोटी २०१९ मध्ये लागली. एका मोठ्या उत्पादकाने आपल्या तपासनीसांना कारखान्यात येऊ दिले नाही, असे सांगून संघटनेने त्याच्याशी असलेला करार संपवला. अडचण अशी, की जगाच्या बऱ्याच भागांत ‘लेसर’ या नावाचा व्यापारी हक्क त्याच उत्पादकाकडे होता. दोन लाखांहून अधिक होड्या ज्या नावाने पाण्यात उतरल्या, ते नावच संघटनेला सोडावे लागणार होते. तिने ते सोडले. होडी तीच राहिली, पण ती आता संघटनेच्या आद्याक्षरांवरून ‘इल्का’ म्हणून ओळखली जाते. नाव राखायचे की तपासणी, असा प्रश्न आला तेव्हा संघटनेने तपासणी राखली.

याचा आपल्या छात्रांशी संबंध काय? फार जवळचा आहे. इल्का होडीचे धड एकच, पण शिडे तीन आकारांची. मोठ्या शिडाची इल्का-७, मधल्याची इल्का-६ आणि लहान शिडाची, कमी वजनाच्या मुलामुलींसाठी इल्का-४. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ आशियाई स्पर्धांत नेहा ठाकूरने मुलींच्या इल्का-४ प्रकारात रौप्यपदक मिळवले. ती मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याची, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. त्याच स्पर्धांत भूदलाच्या विष्णू सरवणनने इल्का-७ मध्ये कांस्यपदक पटकावले. भोपाळच्या तलावावरची होडी आणि चीनच्या किनाऱ्यावरची होडी एकाच मापाची असल्यामुळे तलावावर गिरवलेला धडा समुद्रातही उपयोगी पडतो. ती माप राखणारी व्यवस्था नसती, तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलीला स्पर्धेआधीच हार मानावी लागली असती.

दिल्लीकरांनाही हे दार बंद नाही. शिडाच्या होड्यांची राष्ट्रीय संस्था, यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, हिचे कार्यालय दिल्लीतच आहे. ओखल्याला यमुनेकाठी डिफेन्स सर्व्हिसेस सेलिंग क्लब आहे. जे छात्र पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जातील, त्यांना खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडाची होडी भेटेलच. हैदराबादच्या हुसेनसागरावर भरणारा ‘हैदराबाद सेलिंग वीक’ हा मेळा तर प्रामुख्याने लेसर वर्गाभोवतीच उभा राहिला.

पालकांसाठी एक व्यवहारी सूचना. पाल्यासाठी होडी घ्यायचा विचार असेल, तर आधी किंमत विचारू नका. जवळच्या क्लबात कोणत्या वर्गाच्या होड्या सर्वांत जास्त आहेत, ते विचारा. सर्वांत वेगवान होडी एकटीच असेल, तर तिच्याशी शर्यत लावणार कोण? नंतर होडीचे मापन प्रमाणपत्र आणि शिडाचा क्रमांक पाहा. नोंद नीट असलेली जुनी होडी, नोंद नसलेल्या नव्या होडीपेक्षा बरी.

आणि छात्रांसाठी एक गोष्ट. मोजणी अधिकारी किनाऱ्यावर असतो, पाण्यात प्रत्येक होडीमागे पंच नसतो. वळणाच्या बोयाला होडी लागली, तर खलाशाने स्वतःहून लगेच बाजूला होऊन होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग शर्यत पुढे चालू ठेवायची, असा नियम आहे. त्या गिरकीत चार-पाच होड्या पुढे निघून जातात. कुणी पाहिले नसले, तरी गिरकी घ्यायचीच. संघटना होडी सारखी करून देऊ शकते. बोयाला होडी लागली हे कबूल करणे मात्र सुकाणू धरणाऱ्याच्याच हाती असते.